वर्गणीचे दिवस

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

केंद्रीय मंत्रिमंडळानं काल ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. ६,३००हून अधिक सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना ती वाचता येतील. समन्वय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे. गडचिरोलीच्या विद्यापीठातल्या संशोधकालाही दिल्लीतल्या संशोधकाइतकंच वाचायला मिळेल, याचा मनापासून आनंद झाला. दुपारी प्रयोगशाळेतल्या मुली विचारायला आल्या, “मॅडम, आता आपल्यालाही मिळणार ना?” नाही. आपल्यासारख्या खासगी औषध कंपन्या या योजनेत नाहीत. आपली वर्गणी आपणच भरायची.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

रसायनशास्त्राच्या डेटाबेसचं रिन्यूअलचं कोटेशन आलं. कंपन्यांसाठी छापील दरपत्रक नसतं. संशोधन विभागात माणसं किती, कार्यालयं किती, एका वेळी लॉगिन किती, यावर सौदा ठरतो. करारात गोपनीयतेचं कलम असतं, म्हणून दुसऱ्या कंपनीतल्या ग्रंथपालाला “तुम्हाला कितीला पडलं?” असं विचारताही येत नाही. रक्कम डॉलरमध्ये. २०२२च्या सुरुवातीला डॉलर ७४ रुपयांच्या आसपास होता, आज ८४च्या वर आहे. प्रकाशकानं एक सेंटही वाढवला नसता, तरी आमचा खर्च तेरा टक्क्यांच्या आसपास वाढलाच असता. यंदा दरही वाढलाय. फायनान्सनं कळवलं, सीट्स, म्हणजे लॉगिन, कमी करा.

३ डिसेंबर, मंगळवार

दर बदलला की ग्रंथपालाचं कामही बदलतं. १९७२मध्ये लॉकहीडची ‘डायलॉग’ ही ऑनलाइन शोधसेवा व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाली, तेव्हा पैसे जोडणीच्या वेळेवर लागत. रिक्षाच्या मीटरसारखा आकडा पळायचा. त्यामुळे ग्रंथपाल आधी शास्त्रज्ञाला समोर बसवून प्रश्न नीट समजून घ्यायचे, शब्द कागदावर जुळवायचे आणि मगच लाइन जोडायचे. १९९५मध्ये सायफाइंडर हे रसायनशास्त्राचं शोधसाधन आलं, शास्त्रज्ञ स्वतःच शोधू लागले. पुढे वार्षिक वर्गणी रुळली तसा एकेका शोधाचा वेगळा खर्च दिसेनासा झाला, आणि त्याबरोबर ती समोरासमोरची चर्चाही गेली. आता सीट्स घटताहेत, तर प्रश्न पुन्हा आमच्या टेबलावर येऊ लागलेत.

६ डिसेंबर, शुक्रवार

फायनान्सबरोबर बैठक. वापराचा अहवाल समोर होता: एकूण खर्च भागिले शोधांची संख्या. या भागाकारात सगळे शोध सारखेच ठरतात. पेटंट विभागानं एका रेणूसाठी केलेल्या शोधात काहीच सापडलं नाही. अहवालात तो एक शोध, शून्य निकाल. पण आपल्या आधी हे कुणी केलेलं नाही, हे त्या शून्यामुळेच कळलं, आणि पुढे जायचं त्यावरच ठरलं. औषधसुरक्षा विभागाचे शोधही मोजके. युरोपात औषध विकायचं तर दुष्परिणामांसाठी जागतिक वैद्यकीय साहित्य आठवड्यातून एकदा तरी पाहावंच लागतं. तो वापर कमी दिसला, म्हणून कापता येत नाही. मी तक्ता बदलून दिला: कोणत्या शोधावरून कोणता निर्णय झाला, त्याचा. फायनान्सच्या साहेबांनी तो लक्ष देऊन वाचला.

१० डिसेंबर, मंगळवार

तरीही काही सीट्स गेल्याच. यादीतून नावं गळतात ती नव्यानं लागलेल्यांची आणि कारखान्यातल्या लोकांची. लोट्याच्या प्लांटवरचा केमिस्ट वर्षातून थोड्याच वेळा शोधतो, पण बॅचमध्ये अनोळखी अशुद्धी दिसते तेव्हा त्याला उत्तर त्याच दिवशी हवं असतं. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं करारात बसत नाही. वैद्यकीय साहित्यासाठीचं पबमेड १९९७पासून सर्वांना मोफत आहे. पेटंटसाठीचं युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेटही मोफत आहे. दोन्हींचं प्रशिक्षण पुढच्या आठवड्यात ठेवलंय. पण रेणूची रचना काढून तिच्या ज्ञात अभिक्रिया शोधायच्या, तर पैसे भरून घेतलेल्या डेटाबेसची बरोबरी ही मोफत साधनं करत नाहीत. एकेक लेख विकत घ्यावा, तर अनेकदा तीस-चाळीस डॉलर पडतात.

१३ डिसेंबर, शुक्रवार

करार झाला. तीन गोष्टी लिहून घेतल्या: वार्षिक दरवाढीला मर्यादा, सीट एका माणसाकडून दुसऱ्याकडे देण्याची मुभा, आणि वर्गणी संपली तरी उतरवून घेतलेले लेख आमच्या नोंदींत ठेवण्याचा हक्क. तिसऱ्यासाठी सर्वांत जास्त भांडावं लागलं. १९०७मध्ये सुरू झालेल्या ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ या सारांशसूचीची छपाई २०१०मध्ये थांबली, पण विकत घेतलेले जुने खंड आजही आमच्या कपाटात आहेत. डेटाबेस मात्र भाड्याचा. मुदत संपली की दार बंद.

दर कशावर लावला जातो, त्यावर प्रश्न कुणाला विचारता येईल हे ठरतं. ते ठरवणं फक्त विक्रेत्याच्या आणि फायनान्सच्या हाती राहू नये, म्हणून ग्रंथपाल हवा. जानेवारीपासून आमच्याकडे एकच नियम: ज्याच्याकडे लॉगिन नाही, त्याचा प्रश्न आधी घ्यायचा.