वुल्व्हरहॅम्प्टनचे भाड्याचे घर



माझी धाकटी बहीण नर्स आहे. अकोल्यात खाजगी दवाखान्यात बारा वर्षे काम केल्यावर तिने इंग्रजीची परीक्षा दिली आणि नोकरी घेऊन ती इंग्लंडला गेली. सहा महिन्यांनी जावई आणि सात वर्षांचा भाचा गेले. गेल्या उन्हाळ्यात अर्जित रजा टाकून मी व सौ. महिनाभर त्यांच्याकडे राहून आलो. लंडनचे पूल, राजवाडा यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. मी घराविषयी लिहितो. आपल्या वस्त्यांतील बऱ्याच मुली आज नर्सिंग शिकत आहेत आणि त्यांच्या आईबापांचा पहिला प्रश्न हाच असतो की, पोरगी राहणार कुठे?

सुरुवातीला बहीण एका भारतीय कुटुंबाकडे खोली घेऊन राहिली. घरमालकीण गोड बोलायची. तिने गाव विचारले, आडनाव विचारले. त्यावरून तिला काही उलगडा होईना. मग एक दिवस खोलीत तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो तिच्या नजरेस पडला. त्यानंतरही बोलणे गोडच राहिले, फक्त वेळापत्रक बदलले. स्वयंपाकघर संध्याकाळी पाच ते सहाच वापरायचे. बहिणीची ड्युटी सुटायची आठला! ती ब्रेड खाऊन झोपे. महिन्याभराने निरोप आला, आमचे पाहुणे येणार आहेत, खोली रिकामी करा. आम्हाला मात्र ती फोनवर "सगळं छान आहे, दादा" एवढेच सांगत होती. हे मला तिथे गेल्यावर जावयांकडून कळले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिथे कायदा आहे, पण जातीच्या बाबतीत तो अर्धवट आहे. २०१० च्या समता कायद्यात २०१३ साली दुरुस्ती होऊन जातीचा समावेश करण्याचे बंधन सरकारवर आले. २०१८ साली सरकारने ते कलम काढून टाकण्याचे ठरविले आणि प्रश्न न्यायालयांवर सोपविला. बिहारमधील एका आदिवासी घरकामगार बाईच्या खटल्यात २०१४ साली अपील न्यायाधिकरणाने, जात ही 'वांशिक मूळ' या शब्दात बसू शकते, असे म्हटले होते. पुढच्या वर्षी थकीत पगारापोटी त्या बाईला १ लाख ८३ हजार पौंडांहून जास्त रक्कम मंजूर झाली. पण स्वयंपाकघराच्या वेळापत्रकावर कोण खटला भरणार?

मग स्वतंत्र घर शोधणे आले. दोन खोल्या वर, दोन खाली, मागे हातभर अंगण, भाडे महिना ८५० पौंड. एजंटाने अनामत म्हणून दीड महिन्याचे भाडे, म्हणजे १,२७५ पौंड मागितले. इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याप्रमाणे अशा घराला पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. ८५० गुणिले १२, भागिले ५२, गुणिले ५, म्हणजे ९८० पौंड ७७ पेन्स. (आमच्या बी.कॉम.चा उपयोग शेवटी इथे झाला. हिशेब मी अकोल्यातून फोनवर सांगितला.) बहिणीने कायद्याचे नाव घेताच एजंट मुकाट्याने खाली आला. ही अनामत घरमालकाने तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करायची असते, त्याचा कागद मागून घ्यावा. बाहेर जाणाऱ्या मुलींनी एवढे पाठ करून जावे.

बाकीचे हळूहळू जमते. कौन्सिल टॅक्स निराळा, तो साधारणपणे एप्रिल ते जानेवारी दहा हप्त्यांत. डॉक्टरकडे नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, पत्त्याचा पुरावा नाही म्हणून ते नाकारताही येत नाही. शाळेचा अर्ज कौन्सिलकडे. कपडे घरात वाळवले की भिंतीला बुरशी धरते. आणि फोडणी दिली की छतावरचे धुराचे यंत्र बोंब मारते.

खरे घर लागले ते पंजाबी बांधवांमुळे. अपर झोअर स्ट्रीटवर बुद्ध विहार आहे. जालंधर, होशियारपूरकडील आपले लोक पन्नास-साठच्या दशकांत इथल्या फाउंड्रीत भट्टीपुढे राबायला आले, त्या पिढीची ही चळवळ. एका म्हाताऱ्या पंजाबी माउलीने बहिणीला कुकर, दोन रजया आणि भाच्यासाठी जाड कोट आणून दिला. आडनाव विचारले नाही. रविवारी आम्ही वंदनेला बसलो. त्रिसरण पंचशीलाचे शब्द तेच, चाल निराळी. आमच्या सौ. दोनदा चुकल्या, मग गप्प ऐकत बसल्या. वंदना झाल्यावर पंजाबीत गप्पा, आम्हाला निम्मे कळे, पण 'जय भीम' पुरे होई.

एक दिवस रेल्वेने लंडनला जाऊन १०, किंग हेन्रीज रोड पाहिले. बाबासाहेब १९२१-२२ साली इथे राहत, तशी गोल निळी पाटी भिंतीवर आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेतले. पुढे शेजारच्यांच्या हरकतींवरून स्थानिक कौन्सिलने स्मारकाला परवानगी नाकारली, ती अपिलात २०२० साली मिळाली. म्हणजे शंभर वर्षांनीही या घराला राहू देण्यासाठी भांडावे लागले! लंडनमधील घरमालकीण जेवणात किती हात आखडत असे, रात्री बाबासाहेब ओळखीच्याने दिलेले पापड भाजून भूक कशी भागवीत, हे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध याच लंडनमधील वर्षांत तयार झाला. जिन्यावर मी हे भाच्याला सांगत होतो. बहीण खिडकीशी पाठमोरी उभी होती, बराच वेळ.

परतल्यावर तिने ट्रंकेत ठेवलेले दोन्ही फोटो बाहेर काढले. करारात भिंतीला खिळा ठोकायला मनाई आहे, म्हणून ते पुढच्या खोलीत जुन्या शेकोटीच्या कट्ट्यावर मांडले, रस्त्यावरून दिसतील असे. जावई म्हणाले, "एजंट तीन महिन्यांनी तपासणीला येतो, विचारेल." "विचारू दे. सांगीन," ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली.

आम्ही अकोल्याहून नेलेले उडदाचे पापड तिने गॅसवर धरले. यंत्र ओरडू लागले. भाचा सवयीने खुर्चीवर चढला आणि टॉवेल फिरवू लागला.