पट्टी

आमचे आबा मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरवतात. गेल्या दिवाळीनंतर फुलेवाडीत एका खोलीचा जुना फ्लॅट ठरला, आणि घरात प्रथमच बँकेचे कर्ज आले : नऊ लाख.

घर दाखवणाऱ्या एजंटची दलाली आधीच ठरली होती. कर्जाची फाइल पुढे सरकवणारा गृहस्थ मात्र वेगळा. कर्ज मंजूर झाल्याच्या संध्याकाळी तो म्हणाला, "काका, माझे दोन टक्के." म्हणजे अठरा हजार! आईने न बोलता हातातल्या पाटल्या काढल्या. दुसऱ्या दिवशी त्या गुजरीत गहाण पडल्या.

सह्यांच्या वेळी आबांनी मला विचारले होते, "बघितलंस न्हवं सगळं?" मी हो म्हणाले होते. खरे तर त्या इंग्रजी कागदांतले मला निम्मेही कळले नव्हते. पण बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीने तसे कसे सांगायचे?

रात्री आबांनी एवढेच विचारले, "ह्ये पट्टीत लिवलंय काय?"

गूळ विकला की शेतकऱ्याला पट्टी मिळते. वजन, भाव, हमाली, तोलाई सारे तिच्यावर मांडलेले असते. आबांचा सगळा व्यवहार त्या चिठोऱ्यावर शिकलेला. मी फाइल उघडली. आत खर्चाचा तक्ता होता, 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना तो देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, आणि तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. आमचा इंग्रजीत होता. आम्ही मराठीत मागितलाच नव्हता. त्यात प्रक्रिया शुल्क होते, वकिलाची फी होती; अठरा हजार कुठेच नव्हते.

सकाळी बँकेत विचारले. त्या गृहस्थाचा मोबदला बँकच देते, असे साहेबांनी सांगितले.

तो दारात आला तेव्हा आबांनी नोटा हातात धरूनच पावती मागितली.

"अहो काका, ह्याची पावती नसते."

"मग पैसं बी नसत्यात," आबा म्हणाले, आणि नोटा बंडीच्या खिशात गेल्या.

पाटल्या त्याच दिवशी सोडवल्या. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. (बोलले असते तर बरे झाले असते.) जेवणे झाल्यावर मात्र त्यांनी फाइल माझ्यापुढे ठेवली. "पयल्यापास्नं वाच, मराठीत सांग."

तिसऱ्याच ओळीला मी अडले.

"हे मला कळत नाही, आबा."

"बरं," ते म्हणाले. "तिथं खूण कर. उद्या इचारू."