खाताना बघितल्याशिवाय मासा घेऊ नकोस

माहीम, रविवार दुपार

प्रिय दोस्ता,

टँकचा फोटो मिळाला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, आणि तोही नागपुरात, जिथून कुठल्याही दिशेने समुद्र गाठायचा तर रात्र गाडीत काढावी लागते! किती आनंद झाला म्हणून सांगू. शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालयात तू एका काचेला नाक लावून उभा राहिला होतास आणि बाईंनी शेवटी दंडाला धरून तुला बाहेर आणलं होतं, ते आठवलं. तुझ्या घरी हे आज ना उद्या होणारच होतं.

माशांची यादी लेकीने केलीय हे अक्षरावरूनच कळलं. निमो, डोरी, मँडरीन आणि समुद्रघोडा. चारही सुंदर. पण यातला एकच घे. बाकीचे का नको ते नीट सांगतो, म्हणजे तिलाही समजावता येईल.

आपला डोळा रंगावर जातो आणि चूक तिथेच होते. माझ्या आईला तू बाजारात पाहिलंयस. पापलेट कितीही चकाकत असो, ती आधी कल्ला उचलून आतला लाल रंग बघायची, बोटाने अंग दाबायची, मग भावाचं बोलणं. पाळायला मासा घेतानाही तितकंच हट्टी व्हायचं, फक्त इथे बघायचं ते तोंड. हा मासा काय खातो, आणि आपण रोज देऊ शकू ते खातो का? दुकानदाराला सरळ म्हणायचं, दादा, जरा खाणं टाका. दाणे पडताच जो धावत येतो तो तुझा. कोपऱ्यात दगडाआड बसून राहिला तर कितीही गोड दिसो, पैसे काढायचे नाहीत. दुकानदाराने कुरकूर केली तर नुसतं हसून पुढच्या दुकानात जायचं.

मँडरीनचं नाव वाचलं आणि माझा हात थांबला. सहा वर्षांपूर्वी मी एक आणला होता. करंगळीएवढा. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी, पैठणीचा पदर बघावा तसा मी बघत बसायचो. दिवसभर तो दगडावर काहीतरी टिपत हिंडायचा आणि मला वाटायचं, छान खातोय. तो नुसता शोधत होता. मँडरीन जगतो कोपेपॉडवर, म्हणजे दगडांच्या फटीत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जीवांवर. नव्या टँकमध्ये ते जवळजवळ नसतातच, आणि लहान टँकमध्ये असले तरी एक मँडरीन ते बघता बघता संपवतो. मी टाकलेल्या दाण्यांकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. दुसऱ्या महिन्यात पोट आत गेलं. मग डोक्यामागची पाठ कुणी चिमटीत धरल्यासारखी दिसायला लागली. चौथ्या महिन्यात एका सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला होता. एक जीव चार महिने माझ्यासमोर उपाशी राहिला आणि मी त्याचे रंग बघत होतो. ते मला अजून लागतं.

डोरीचं, म्हणजे निळ्या टँगचं, खाण्यावरून अडत नाही. ती वाढते फार. दुकानात दोन-अडीच इंचांची दिसते, पुढे फूटभर होऊ शकते, आणि हा दिवसभर पोहणारा मासा. तुझ्या चार फुटांत तिने चार शेपट्या मारल्या की काच आली. कोंडलेल्या टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळ्यांत आधी धरतो आणि मग तो टँकभर होतो. शिवाय २०१६ पर्यंत हा मासा अंड्यापासून टाकीत वाढवणं कुणालाच जमलं नव्हतं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या मंडळींना तेव्हा पहिल्यांदा साधलं. म्हणून दुकानातली डोरी बहुधा समुद्रातूनच पकडून आणलेली असते. फिलिपाइन्स, इंडोनेशियाच्या प्रवाळांवर मासे गुंगवून पकडायला सायनाइड वापरत आलेत. तसा मासा वरून धडधाकट दिसतो आणि काही आठवड्यांत जातो, आणि जिथे ते विष पडतं तिथले प्रवाळही मरतात. आपल्याला त्यातला वाटा नको.

समुद्रघोड्याचा विषयच बंद. तो आणि कठीण सांगाड्याचे प्रवाळ आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. कुणी दबक्या आवाजात ‘देतो’ म्हणाला तर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस.

राहिला निमो, म्हणजे क्लाउनफिश. तो घेच, आणि हॅचरीत जन्मलेलाच घे. तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास केव्हाच साधली आहे, आपल्या ऐरोलीलाही ते काम झालंय. ही पिल्लं लहानपणापासून दाण्यांवर वाढलेली असतात, तोंडाची चिंता नाही. नर-मादी विचारत बसू नकोस. क्लाउनफिश सगळे आधी नरच असतात. दोन पिल्लं घे, एक मोठं, एक लहान. मोठं पुढे मादी होईल. मादी मेली तर तिचा नर स्वतः मादी होतो. निमोच्या सिनेमात आई सुरुवातीलाच जाते ना, खऱ्या समुद्रात बाबाच निमोची आई झाला असता. लेकीला हे जरूर सांग, मग तिचे प्रश्न ऐक. समुद्रात तो ज्यात राहतो तो सी-ॲनिमोनी मात्र लगेच आणू नकोस. क्लाउनफिशला त्याच्यावाचून चालतं, आणि नव्या पाण्यात ॲनिमोनी टिकत नाही.

त्यांच्या जोडीला बांगाई कार्डिनल, तोही हॅचरीचाच. हा मासा मूळचा इंडोनेशियाच्या बांगाई बेटांभोवतीचाच आणि हौसेपायी इतका उपसला गेला की धोक्यात आलाय. याचा नर अंडी तोंडात धरून बसतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत तीन-चार आठवडे अन्नाला शिवत नाही. त्याचा गळा फुगलेला दिसला तर तेव्हा उपासाला घाबरू नकोस.

आणि माझा सगळ्यांत लाडका, पिवळा वॉचमन गोबी. त्याच्यासोबत पिस्तूल कोळंबी मिळाली तर सोन्याहून पिवळं. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बुलडोझरसारखी वाळू ढकलत बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो, आणि तिची एक मिशी सतत त्याच्या अंगावर टेकलेली असते. त्याने शेपूट थरथरवली की दोघं क्षणात आत. रात्री जेवण झाल्यावर मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसतो.

एवढ्याने तुझा टँक भरला. सगळे मिळून सहा-सात लहान मासे, त्याहून एक जास्त नको. निळे डॅमसेल स्वस्त आणि काटक म्हणून गळ्यात मारतील. घेऊ नकोस, मोठे झाले की ते शेजाऱ्यांचे पंख कुरतडतात.

पाण्याचं थोडक्यात. तुझ्या अडीचशे लिटरला जवळजवळ नऊ किलो सागरी मीठ लागलं असेल. उन्हाळ्यात पाणी आटेल, मीठ आटत नाही, म्हणून वर टाकायचं ते साधं आरओचं. सोललेल्या कोळंबीचा तुकडा आत टाकून जिवाणू वाढू दे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, एकही मासा नको. आणि चिलर! तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, माशांना पाणी हवं २५-२६ अंशांचं. चिलर जमत नसेल तर मासे पुढच्या वर्षी घेऊ, पण भर उन्हाळ्यात त्यांना शिजू द्यायचं नाही.

दिवाळीनंतर मी विदर्भ एक्स्प्रेसने येतोय. थर्माकोलच्या पेटीत ते दोन क्लाउनफिश आणि माझ्या फिल्टरातला, जिवाणू असलेला ओला स्पंज मीच घेऊन येईन. तोवर एक छोटी वेगळी टाकी तयार ठेव, नवा मासा आधी चार आठवडे तिथे राहील. निघण्याआधी फोनवर माझ्या पाण्याचा खारेपणा सांगेन, तो आकडा त्या टाकीत आधीच जुळवून ठेव. रात्रभरात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साचतो, आणि पिशवी उघडून हवा लागली की तो जास्त विखारी होतो. त्यामुळे घरी आल्यावर थेंबथेंब पाणी मिसळत बसायला वेळ नसेल. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्यायची, उघडायची, आणि मासे लगेच हलक्या हाताने सोडायचे.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
माहीमकर मित्र

ता. क. फोटोत टँकवर झाकण दिसलं नाही. गोबी उडी मारतात. बारीक जाळीची चौकट आत्ताच मापाने करून घे.