धन आणि ऋण

माझ्या लिहिण्याच्या मेजावर, पेनांच्या पेल्याशेजारी, एक जळालेला फ्यूज पडलेला असतो. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, वर पारदर्शक खिडकी असलेला. आतली धातूची पट्टी मधोमध वितळून तुटली आहे आणि खिडकीला आतून काजळी धरली आहे. येणारा-जाणारा तो उचलून पाहतो आणि विचारतो, "सर, हे काय?" आजवर दर वेळी मी चहा मागवून तो प्रश्न टाळला. पण दिवाळीत घराचा कोपरान् कोपरा झाडायचा असतो. तेव्हा हाही एक झाडून टाकतो.

हकीकत आमच्या देवळीची आहे. वर्ध्याहून यवतमाळकडे निघाले की अर्ध्या तासात लागणारे हे तालुक्याचे गाव. भोवती कपाशीची शेते. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतात, वेचणी सुरू होते आणि पहाटेच्या गारठ्यात सारे शिवार पांढरे दिसते. २०२४ साली वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली आणि देवळीला स्टेशन मिळाले. तरी रात्री-अपरात्री कोणाला कुठे जायचे असले म्हणजे गावाला आठवण होते ती धाकट्याच्या मोटारीची. धाकटा म्हणजे माझा चुलतभाऊ. आमची चूल वेगळी आहे, पण अंगण एक आहे. शेती थोडी, म्हणून त्याने हप्त्यावर मोटार घेतली आणि ती भाड्याने चालवतो. दिवाळीचे पाच दिवस हा त्याचा हंगाम. या पाच दिवसांत जे मिळेल त्यावर पुढचे दोन-तीन हप्ते निघायचे.

आणि मी? मी ३४ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. विद्युतघटाची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढीत असे. लांब रेघ धन, आखूड रेघ ऋण. ज्याने उलटी काढली त्याला बाकावर उभे केले आहे. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढची गंमत नीट कळेल.

धनत्रयोदशीच्या रात्री घरातली पोरे मोटारीत बसून गाणी ऐकत राहिली. दिवे चालू, दार अर्धवट उघडे. नरकचतुर्दशीच्या पहाटे धाकट्याला सहाची सवारी होती. तो उटणे लावून न्हाणीत बसला होता. मी अंगणात आलो, सहज चावी फिरवून पाहिली, तर नुसते कट्-कट्. बॅटरी उतरली होती. शेजाऱ्याचा मालवाहू टेम्पो लागूनच उभा होता. शेजाऱ्याचा नववीतला मुलगा माझ्याकडे गणिताला येतो. तो जंपरच्या तारा घेऊन धावत आला. म्हणाला, "सर, बाबाले उठवू का?" मी म्हटले, "कशाला? हे आपले काम आहे. तू बाजूला हो."

तारा दोन्ही काळ्या. आमच्या बॅटरीवरचे लाल टोपण केव्हाच हरवलेले आणि दोन्ही खुंटांवर हिरवट-पांढरा क्षार साचलेला. टेम्पोच्या बॅटरीचे धन टोक डाव्या हाताला होते, म्हणून आमचेही डाव्याच हाताला असणार, असे मी धरून चाललो. ३४ वर्षे ज्याने "धरून चालू नका, तपासून पाहा" असे सांगितले, त्याने! शेवटचा चिमटा टेकताच चट् असा आवाज झाला, निळी-पांढरी ठिणगी उडाली, आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. मी चिमटा ओढून काढला. सारे मिळून एक-दोन सेकंदांचा खेळ. मग टोके अदलून पुन्हा लावली, पण आता कट्-कट्ही होईना. समोरच्या पाट्यावर एक दिवा लागेना.

पंचा गुंडाळून धाकटा बाहेर आला. "काय झालं दादा?"

"बॅटरी पार गेलेली दिसते," मी म्हणालो.

पोराने माझ्याकडे पाहिले. त्याने सारे पाहिले होते. पण सर चुकले असे शिष्याने कसे म्हणायचे? तो खाली मान घालून तारा गुंडाळू लागला. त्या तारा त्याने फार वेळ गुंडाळल्या.

सहाची सवारी दुसऱ्याच्या मोटारीने गेली. दहा वाजता यवतमाळ रोडवरचा मिस्त्री आला. कडुनिंबाखाली त्याचे दुकान. विजेच्या कामात तालुक्यात नाव आहे. त्याने झाकण उघडले, मुख्य फ्यूज काढून उजेडात धरला आणि विचारले, "जंपर उलटं तं नाही ना लागलं जी कोनाच्या हातून?"

धाकटा म्हणाला, "नाही बा. दादानंच लावलं होतं, सर हायेत ते."

या वाक्याने माझे तोंड कायमचे बंद केले. रागावला असता तर कदाचित मी बोललो असतो. मिस्त्री म्हणाला, "मंग फ्यूजची उमर झाली असंन." त्याने नवा फ्यूज बसवला, बॅटरी चार्जिंगला नेली, संध्याकाळी आणून लावली. मोटार सुरू झाली. जुना फ्यूज त्याने अंगणात टाकला. तो मी कोणी पाहत नाही असे पाहून उचलला.

आता आत काय घडले होते, ते सांगितले पाहिजे. शिशाच्या पत्र्यांची आणि आम्लाची ही बॅटरी प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली आणि मोटारीत अजून तीच जात नांदते आहे. सहा घरे, प्रत्येकात सुमारे २ व्होल्ट, मिळून १२. धनाला धन आणि ऋणाला ऋण जोडले की दोन बॅटऱ्या जोडीने जू ओढतात. उलटे जोडले की एकीच्या शेपटाला दुसरीचे तोंड लागते, आणि २४ व्होल्टचा रेटा चार हात तारेतून गरगर फिरू लागतो. शेकडो अँपिअर. यात दमदार बॅटरीचे फारसे बिघडत नाही. उतरलेलीच्या अंगात प्रवाह उलटा शिरतो. आणि इंजिनाशेजारी वीज तयार करणारा जो अल्टरनेटर असतो, त्यात डायोड असतात. विहिरीवरच्या पंपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो ना, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा? तसेच हे. प्रवाह उलटला की या साऱ्या झडपा एकदम उघडतात, लोंढा त्यांतून घुसतो आणि त्या भाजून निघतात. फ्यूज जळतो तो त्यांना वाचवण्यासाठी, पण प्रत्येक वेळी तो वेळेवर जळतोच असे नाही. बाकी माझे नशीब म्हणायचे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि अशा ठिणगीने ती फुटूही शकते. म्हणूनच जंपर बरोबर जोडतानाही शेवटचा चिमटा बॅटरीवर न लावता दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लावायचा असतो.

आमच्या मोटारीचे डायोड जळाले होते. ती धावत होती ती नुसत्या साठ्यावर, मिळकत बंद झालेल्या घरासारखी. मिस्त्रीला एक शब्द कळला असता तर त्याने अल्टरनेटर उघडला असता.

पाडव्याला गावात गायगोधन झाले. संध्याकाळी धाकटा यवतमाळची सवारी घेऊन निघाला. नवरा-बायको, दोन लहान मुले, एक आजीबाई. साडेआठला त्याचा फोन आला. भिडीच्या अलीकडे दिवे पिवळे पडत गेले, मग इंजिन गेले. महामार्ग, मिट्ट काळोख, मागून ट्रक. त्याची बायको अंगणात फोन हातात धरून उभी होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

शेजाऱ्याच्या टेम्पोतून मी निघालो. पोरगाही चढून बसला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, अल्टरनेटरचे डायोड उलट्या जंपरनं जळतात म्हने. मी फोनवर वाचलं." त्याने मला आयुष्यात पहिल्यांदा उत्तर सांगितले होते, आणि तेही प्रश्नासारखे.

तिथे पोहोचलो तेव्हा धाकटा आणि तो प्रवासी मोटार रस्त्याच्या कडेला ढकलीत होते. मुलांची आई फोनचा उजेड हलवून ट्रकांना बाजू दाखवीत होती. आजीबाई धाकट्या नातवाला पदराखाली घेऊन दगडावर बसली होती. मी म्हणालो, "जंपर मी उलटं लावलं होतं."

"कधी?"

"चतुर्दशीला."

एक ट्रक गेला. त्याच्या उजेडात धाकट्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "आधी सवारी मार्गी लावू." कळंबहून दुसरी मोटार येईपर्यंत तो माझ्याशी एवढेच बोलला.

भाऊबीजेच्या सकाळी मी एकटाच मिस्त्रीकडे गेलो आणि सांगितले. तो हसला नाही, याचे मला उलट वाईट वाटले. त्याने अल्टरनेटर उतरवला, डायोडची पट्टी काढून मीटर लावून दाखवले, आणि जुन्या बॅटरीचे दोन खुंट घासून स्वच्छ केले. "हात लावून पहा सर. जाड असते ते प्लस." खरेच, एक खुंट दुसऱ्यापेक्षा किंचित जाड असतो. अंधारातही बोटांना कळावा इतका. ३४ वर्षांत मला हे ठाऊक नव्हते. मग तो आपल्या उस्तादाकडून ऐकलेली गोष्ट सांगू लागला, की जुन्या इंग्रजी मोटारींत धन टोकच अंगाला जोडलेले असे, आणि तेव्हा भलेभले चुकत. मला धीर देण्यासाठी सांगत असावा.

दुरुस्तीचे पैसे मी दिले. बुडालेल्या भाड्याचे देऊ केले, ते धाकट्याने घेतले नाहीत. त्या महिन्याचा हप्ता मात्र त्याने उशिरा भरला, हे मला त्याच्या बायकोकडून कळले. पंधरा-वीस दिवस तो मोटार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावीत असे.

तुळशीच्या लग्नानंतर एका रात्री आमच्या दारासमोर एका वऱ्हाडाची मोटार बंद पडली. शेजारचा पोरगा तारा घेऊन आला. आता लाल आणि काळ्या, नव्या. सवयीने मीही पुढे झालो. धाकट्याने काही न बोलता तारा घेतल्या, घरातून टॉर्च आणली आणि माझ्या हातात दिली.

"दादा, तुमी बॅटरी धरा."

मी धरली. उजेड आधी जाड खुंटावर टाकला.