'नये' आणि 'गरज नाहीं'

इंग्रजी व्याकरण परीक्षेपुरतें असतें, असा आपल्याकडे समज आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांतील एक लहानसा भेद तर प्रत्येक एकत्र कुटुंबानें ध्यानांत ठेवावा असा आहे.

'यू मस्ट गो' म्हणजे 'तूं गेलेंच पाहिजे'. यास 'नॉट' जोडलें म्हणजे आवश्यकता नाहींशी होत नाहीं, उलट मनाई उत्पन्न होते. 'यू मस्ट नॉट गो', अर्थात् 'तूं जातां कामा नये'. आवश्यकता नाहीं एवढेंच सांगावयाचें असेल, तर इंग्रजास 'नीड नॉट' किंवा 'डोंट हॅव टु' असे निराळे शब्द योजावे लागतात. मग जावें कीं न जावें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें.

आपल्या 'जायला नको'ला मात्र दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत. 'सुटलों, आज बाजारांत जायला नको' यांत मोकळीक आहे. 'त्या विहिरीकडे जायला नको' यांत मनाई. नेमकें बोलावयाचें तर मराठींतही 'नये' आणि 'गरज नाहीं' हे शब्द आहेतच. पण पुष्कळ घरांतून पहिल्याच्या जागीं दुसरा योजिला जातो. कारण तो कानास गोड लागतो.

आम्ही राहतों त्या नागपूर जिल्ह्यांतील खापरखेड्यास औष्णिक विद्युत्केंद्र आहे. २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक, असे त्याचे १३४० मेगावॅटचे संच. तेथें चालू यंत्राजवळ 'जाऊं नये' आणि 'जाण्याची गरज नाहीं' यांची गल्लत झाली, तर ती जिवावर बेतेल. घरांतली गल्लत तशी दिसून येत नाहीं, म्हणून ती वर्षानुवर्षें खपते.

आमची पुतणसून विद्युत् अभियांत्रिकीची पदवीधर आहे. नोकरीचा विषय निघाला तेव्हां आमचे वडीलबंधु प्रेमानें म्हणाले, "सूनबाई, आपल्या घरीं काय कमी आहे? तुला नोकरीची गरज नाहीं."

ती शांतपणें म्हणाली, "मामंजी, गरज नाहीं हें खरें. पण मी करूं नये, असें आपलें म्हणणें आहे का?"

बंधूंना चटकन् उत्तर देतां येईना. 'नये' म्हणावयाचें तर कारण सांगावें लागतें. 'गरज नाहीं' म्हणणारास तें लागत नाहीं. अखेर, "तसें माझें म्हणणें नाहीं," असें ते म्हणाले, आणि त्याच आठवड्यांत तिनें अर्ज धाडला.

वाचकांनीं आपल्या घरांतील 'गरज नाहीं' एकवार तपासून पाहावें. मनाई असेल तर ती उघड करावी आणि तिचें कारणही द्यावें. नसेल, तर समोरच्यास आपल्या मनाप्रमाणें करूं द्यावें.