बगडिया, लखोटिया, बेझनजी

आमच्या कॉलेजचं पूर्ण नाव अर्जाच्या चौकोनात कधी मावलंच नाही. जालना एज्युकेशन सोसायटीचे आर. जी. बगडिया कला, एस. बी. लखोटिया वाणिज्य आणि आर. बेझनजी विज्ञान महाविद्यालय, जालना. गाव 'जेईएस' म्हणून मोकळं व्हायचं. परीक्षेच्या फॉर्मवर मात्र बेझनजींपर्यंत येता येता अक्षर मुंगीएवढं होई.

दोन मारवाडी नावं, एक पारशी. 'जालना सोने का पालना' म्हणतात ते मोंढ्यामुळे. अशा गावात पाटीवर ही नावं दिसण्यात नवल नव्हतं; नवल होतं ते कॉलेज असण्याचं. निजामाच्या राज्यात पदवी म्हटलं की हैदराबाद, आणि उस्मानियात शिकवणं उर्दूतून. ते राज्य १९४८ साली गेलं. २३ ऑगस्ट १९५८ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. भोकरदनकडच्या कोरडवाहू घरातलं पोर बी.ए.पर्यंत पोचायला लागलं ते निजामाचं राज्य गेल्यावरच.

आम्ही राहायचो जुन्या जालन्यात, भाड्याच्या खोलीत. डबा गावाहून एसटीनं यायचा. झाकणावर ऑइलपेंटनं नाव, वर जुन्या लुगड्याच्या फडक्याची गाठ. गाठ सैल दिसली की समजायचं, वाटेत कुणीतरी ठेचा चाखला. स्टँडवर डब्याची वाट पाहताना सायन्सची मुलं भेटत. त्यांच्याकडून बेडकाच्या आतड्यांची वर्णनं ऐकत आम्ही भाकरी खाल्ली. कॉमर्सवाले उधारीचा हिशेब ठेवत. एका आवारात तीन शाखा असल्याचा फायदा एवढाच, पण तो मोठा होता. अभ्यासक्रमात शाखेबाहेर पाऊल टाकायची सोय तेव्हा आम्हाला नव्हती.

आमची ती वर्षं दोन तारखांच्या मधली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८मध्ये झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या काळात, १ मे १९८१ला, जालना जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले गेले. नामांतराचा विषय निघाला की मात्र खोलीतले आवाज खाली यायचे. एका ताटात जेवणारी मुलं एकदम पुस्तकं उघडून बसायची. मीही त्यातलाच. शेटजींचं नाव कॉलेजला लागताना कुणी दगड उचलल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ज्या माणसानं १९५०मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढून या भागातल्या मुलांना कॉलेजचं दार उघडलं, त्याच्या नावाला मात्र सोळा वर्षं लागली. माझ्या पदवीवर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' आहे. धाकट्या भावाच्या पदवीवर पूर्ण नाव. दोन्ही कागद घरात एकाच फाइलीत आहेत, आणि भावाचा कागद मला जास्त खरा वाटतो.

आता भाची पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात 'लिबरल आर्ट्स' शिकते. अर्थशास्त्राबरोबर नाटक, त्याच्या जोडीला संगणक. फीचा आकडा ऐकून मी दोनदा विचारलं. चिडवत असलो तरी मला तिचा हेवा वाटतो. मला भूगोल आणि उर्दू दोन्ही शिकायचं होतं.

दिवाळीत तिनं विचारलं, "मामा, तुझा मेजर काय होता?"

"इतिहास."

"आणि मायनर?"

"कापूस. दिवाळीनंतर महिनाभर वेचणी, हजेरी सक्तीची."

तिनं हे मैत्रिणींना सांगितलं. त्यातल्या एकीनं म्हणे विचारलं, तो किती क्रेडिटचा होता?