आधी वैनीले कळू दे

धाड गावातल्या घरी आई एकटी राहते. वडील गेल्यावर तिला पुण्याला चल म्हणून मी पुष्कळ विनवलं, पण अंगण, देऊळ आणि गल्लीतली माणसं सोडून फ्लॅटमध्ये राहायला ती तयार नव्हती. तिचं म्हणणं मला पटलं. मागच्या पावसाळ्यात एका पहाटे ती न्हाणीतल्या ओल्या फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मोबाइल घरात, उशाशी. तिच्या हाका पावसाच्या आवाजात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. उजाडल्यावर शेजारच्या वैनी दूध द्यायला आल्या, तेव्हा कळलं. त्यांनी १०८ ला फोन लावून तिला बुलढाण्याला नेलं आणि तिथून आम्ही संभाजीनगरला हलवलं.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. म्हातारं माणूस तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर तसंच पडून राहिलं, की दाबाखालचे स्नायू खराब होऊ लागतात. त्यांतून रक्तात उतरणारी द्रव्यं मूत्रपिंडाला बाधतात. अंगातलं पाणी कमी होतं, कातडीला जखमा होतात. पडण्याइतकंच पडून राहणंही जिवावर बेततं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात.

आई घरी यायच्या आधी न्हाणीत खरबरीत फरशी घातली, भिंतीला धरायला दांडी बसवली. तरीही ती पुन्हा पडलीच तर कळणार कसं, हा प्रश्न राहिलाच. म्हणून पडणं ओळखणारं घड्याळ घेतलं. २०१८ साली अ‍ॅपलने ही सोय आपल्या घड्याळात आणली, पुढे इतर कंपन्यांच्या घड्याळांतही ती आली. आत हालचालीचा वेग आणि दिशा टिपणारे सेन्सर असतात. माणूस कोसळताना हात क्षणभर अधांतरी जातो, मग जोरात दणका बसतो आणि त्यानंतर हालचाल थांबते. हा क्रम जुळला की घड्याळ मनगटावर थरथरतं आणि ‘ठीक आहात का?’ असं विचारतं. उत्तर आलं नाही, तर ठरवून दिलेल्या नंबरांना आपोआप निरोप जातो.

नंबर भरताना मी सर्वांत वर माझा लिहायला घेतला. आईने थांबवलं. “तुले तिकडं पुण्यात कळून काय होईल बाई? आधी वैनीले कळू दे.” मग पहिला नंबर वैनींचा, दुसरा कोपऱ्यावरच्या दुकानदार भाऊंचा आणि तिसरा माझा, असा क्रम लागला. निरोप मिळूनही दार आतून बंद असेल तर काय, हेही आईलाच सुचलं. पुढच्या दाराला बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवलं आणि एक किल्ली वैनींकडे दिली. न्हाणीची आतली कडी काढून टाकली.

घड्याळ अंगवळणी पडायला वेळ लागला. धुणं धोपटताना हाताला बसणारा दणका त्याला पडण्यासारखाच वाटायचा. भजनात टाळ्यांनीही ते थरथरायचं. अक्षरं वाचण्यापेक्षा रंग लक्षात ठेवणं आईला सोपं गेलं, म्हणून ‘ठीक आहे’ म्हणायला कोणत्या रंगावर बोट ठेवायचं ते पाठ करून घेतलं. बांगड्यांच्या मागे, कोपराकडे सरकवून बांधलं की ते टोचत नाही, हे तिनेच शोधलं. घड्याळ फोन लावतं ते मोबाइलच्याच जोरावर. आमच्या जुन्या घराच्या जाड भिंतींतून न्हाणीपर्यंत जोडणी टिकत नव्हती, म्हणून मोबाइलची जागा मागच्या कोनाड्यात ठरली. चार्जिंग दुपारी, माणसं ओट्यावर असताना. रात्री लघवीला उठताना घड्याळ हातात हवंच. खाटेवरून हळूच घसरून खाली बसलं तर मात्र सेन्सरला पत्ता लागत नाही. त्या वेळी मदतीचं बटण स्वतःच दाबावं लागतं. तेही आईकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं.

यंदा पोळ्याच्या दिवशी ओट्याच्या पायरीवरून तिचा पाय सटकला. घाबरून तिला बोलताच येईना. माझा पुण्यातला फोन वाजला तेव्हा वैनी तिच्याजवळ पोचल्यासुद्धा होत्या. डोकं फुटलं नव्हतं, मनगट मुरगळलं होतं. वैनींनी तिला लगेच ओढून उठवलं नाही. कुठे दुखतं ते विचारलं, पाय हलवून पाहायला सांगितलं आणि मगच आधार देऊन बसवलं.

सगळ्यांना असं घड्याळ परवडेल असं नाही. पण २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या मोबाइलमध्येही ५ किंवा ९ चं बटण दाबून धरल्यावर मदतीसाठी फोन लागावा, असा केंद्राचा नियम आहे. ११२ आणि १०८ हे नंबर तर आहेतच. गावी आईवडील एकटे असलेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे : पुढच्या खेपेला घरी जाल तेव्हा त्यांच्या फोनमधले नंबर नात्याप्रमाणे लावू नका, अंतराप्रमाणे लावा. पायी दोन मिनिटांत पोचेल त्याचा नंबर वर हवा. त्या माणसाच्या घरी जाऊन बसा, त्याला किल्ली द्या, आणि पडलेल्या माणसाला कसं उचलायचं ते दोघं मिळून शिकून घ्या.